माशांची तिथी कोण ठरवतं?

कितीतरी जातींचे मासे चंद्राच्या कलेप्रमाणे अंडी घालतात, यावर आता वाद उरलेला नाही. वाद आहे तो त्यापुढचा. चंद्राचं नेमकं काय माशापर्यंत पोचतं? त्याचा उजेड, की त्याने ओढलेलं पाणी? की तिथी माशाच्या अंगातच मोजली जाते आणि चंद्र फक्त ती मोजणी जुळवून देतो? या प्रश्नाने मला अनेक वर्षं धरून ठेवलं आहे. तो मांडायला मी दोन माणसं समोरासमोर बसवली आहेत: मालवणच्या किनाऱ्यावर आयुष्य काढलेले एक तांडेल, आणि सागरी जीवशास्त्र शिकवणारी त्यांची भाची. माणसं कल्पनेतली आहेत, पण ती जे पुरावे पुढे करतात ते खरे आहेत. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. कोळी म्हटला की तो चंद्रावर श्रद्धा ठेवणारा आणि शास्त्रज्ञ शंका घेणारा, असं आपण धरून चालतो. इथे शंका मामांची आहे, आणि ती पक्की आहे.

मामा: चांदण्याने मासा अंडी घालतो म्हणतेस, ते कशावरून? काळोखीत जाळं टाकलं तर बांगडा भरपूर मिळतो, पौर्णिमेच्या आसपास टाकलं तर कमी. म्हणून पौर्णिमेला बांगडा समुद्र सोडून जातो काय? चांदण्यात त्याला जाळं दिसतं, म्हणून तो चुकवतो. बोलायचं माशाच्या स्वभावाबद्दल आणि मोजायचं जाळ्यात काय आलं ते, यात मोठी फसगत आहे गो.

भाची: आहेच. म्हणून नुसत्या पकडीच्या आकड्यावर कुणी थांबत नाही, मामा. गाबोळी काढून तोलतात. माशाच्या वजनात गाबोळीचा वाटा किती, हे तिथीप्रमाणे लिहून ठेवतात. मग तिचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. अंडं कुठवर पिकलंय ते दिसतं. अंडी बाहेर पडून गेली असतील तर त्यांची रिकामी पुटकं मागे राहिलेली दिसतात, म्हणजे हा मासा नुकताच अंडी घालून आलाय. त्याला जाळं दिसलं होतं की नाही, याने त्या पुटकांत फरक पडत नाही.

मामा: हे पटलं. आता मासा सांग. उगाच समुद्रभर फिरू नको, एकच सांग.

भाची: सिगानस गुट्टाटस. रॅबिटफिश म्हणतात त्यांतला एक. अंगावर सोनेरी ठिपके, प्रवाळाच्या आसपास राहतो, शेवाळ खातो. जपानच्या दक्षिणेला ओकिनावा आहे. तिथल्या रियुक्यू विद्यापीठाचं सेसोको बेटावर संशोधन केंद्र आहे. अकिहिरो ताकेमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माशावर वर्षानुवर्षं काम केलंय. उन्हाळ्यात त्याचा हंगाम आला की तो शुक्ल अष्टमीच्या सुमारास अंडी घालतो, आणि सगळे मिळून घालतात.

मामा: अष्टमी म्हणजे भांग. पाण्याला जोर नाही, भरती-ओहोटीत फरक कमी. त्याला शांत पाणी हवं असेल, ते मिळालं. चंद्र कशाला मध्ये आणतेस?

भाची: भांगाचं पाणी महिन्यातून कितीदा येतं?

मामा: दोनदा. शुक्ल अष्टमीला आणि वद्य अष्टमीला.

भाची: भरतीची वेळ तुम्ही कशी काढता?

मामा: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती. मुंबईला हा हिशेब बरोबर बसतो, आपल्याकडे थोडं मागेपुढे.

भाची: वद्य अष्टमीला?

मामा: तीच सहा.

भाची: म्हणजे पाण्याचा जोर तोच आणि भरतीची वेळही तीच. नुसतं पाणी बघणाऱ्या माशाला दोन अष्टम्या वेगळ्या ओळखता येणार नाहीत. तो दोन्हींना अंडी घालेल. हा मात्र शुक्ल अष्टमीलाच घालतो. मग त्या दोन रात्रींत वेगळं काय आहे?

मामा: शुक्ल अष्टमीला तिन्हीसांजेपासून मध्यरात्रीपर्यंत चांदणं. वद्य अष्टमीला आधी काळोख, मध्यरात्री चंद्र वर येतो.

भाची: तेवढंच वेगळं आहे.

या वादात इतकं साधं आणि इतकं धारदार हत्यार दुसरं नाही, असं माझं मत आहे. पाण्याचं चक्र पंधरवड्याचं. अमावास्या आणि पौर्णिमा दोन्हींना उधाण, दोन्ही अष्टम्यांना भांग, आणि एका उधाणापासून दुसऱ्या उधाणापर्यंत १४.७७ दिवस. उजेडाचं चक्र पूर्ण महिन्याचं, २९.५३ दिवसांचं, कारण काळी रात्र आणि उजळ रात्र महिन्यातून एकेकदाच येते. एखादा मासा महिन्यातून एकदा अंडी घालतो की दोनदा, एवढ्यावरून तो कुणाचं ऐकतो याचा पहिला अंदाज बांधता येतो. अर्थात अंदाजच. पुरावा त्यानंतर गोळा करावा लागतो.

मामा: पण चांदणं म्हणजे उजेड तो केवढा? दिवसभर ऊन खाल्लेल्या माशाला रात्रीच्या त्या उजेडाचं काय वाटणार?

भाची: भर उन्हात एक लाख लक्स उजेड असतो. पूर्ण चंद्राचा फार तर ०.१ ते ०.३ लक्स. सूर्य पूर्ण चंद्राच्या सुमारे चार लाख पट तेजस्वी. पण माशाच्या डोक्यात, कवटीच्या वरच्या बाजूला, एक छोटा अवयव असतो, पिनियल. माणसाच्या पिनियलला उजेड थेट कळत नाही, डोळ्यांकडून निरोप यावा लागतो. माशाच्या पिनियलमध्ये उजेड ओळखणाऱ्या पेशी स्वतःच्या असतात, आणि त्याच्या वरची कवटी पातळ असते. काळोख झाला की पिनियल मेलाटोनिन तयार करतं, उजेड पडला की कमी करतं. सेसोकोच्या लोकांनी या माशाचं रक्त तपासलं. अमावास्येच्या रात्री मेलाटोनिन जास्त, पौर्णिमेच्या रात्री कमी. मग त्यांनी पिनियल बाहेर काढून पोषक द्रावात जिवंत ठेवलं आणि चांदण्यात धरलं. तरीही मेलाटोनिन उतरलं. डोळे नाहीत, समुद्र नाही, भरती नाही. फक्त तो अवयव आणि चांदणं.

मामा: हं. याला उत्तर नाही माझ्याकडे. पण मेलाटोनिन उतरलं म्हणजे गाबोळी पिकली असं होत नाही.

भाची: नाही होत. मधला रस्ता लांब आहे. मेंदूतून पियुषिकेला निरोप जातो, पियुषिका संप्रेरकं सोडते, ती अंडाशयापर्यंत जातात आणि अंडं पिकवतात. पहिली आणि शेवटची पायरी चांगली माहीत आहे. मधल्या काही पायऱ्या दिसू लागल्यात. याच माशाच्या मेंदूत क्रिप्टोक्रोम नावाच्या प्रथिनांची जनुकं आहेत. ती दिवसरात्रीच्या घड्याळाचा भाग असतात. त्यांतल्या एकाचं काम, क्राय-३ चं, शुक्ल अष्टमीच्या सुमारास चढलेलं आढळलं. २०११ मध्ये ते छापून आलं. आणि एक प्रयोग सरळच होता. टाकीतल्या माशांना रोजची रात्र एकसारखी ठेवली, कधी सतत काळोख, कधी सतत उजेड, कला बदलू दिल्या नाहीत. सगळ्यांनी एकदम अंडी घालायचा त्यांचा ताल विस्कटला.

मामा: बरं. त्या एका माशाचं तुला दिलं. पण ओकिनावाचं पाणी काचेसारखं असेल. आपल्याकडे ये. आषाढात महिना महिना चंद्र दिसत नाही. खाडीचं लाल पाणी समुद्रात शिरतं, हातभर खाली काही दिसत नाही. आणि आपले कितीतरी मासे अंडी घालतात नेमके त्याच दिवसांत. १ जून ते ३१ जुलै आमच्या बोटी बंदरात उभ्या असतात त्या वादळासाठीच नव्हे, त्यासाठीही. त्या माशांनी चांदणं कुठून बघायचं?

भाची: ढगाआडची पौर्णिमा अमावास्येइतकी काळी नसते. पण गढूळ पाण्याचा तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही. जिथे उजेड पोचत नाही तिथे मासा उजेडावर विसंबून राहणार नाही.

मामा: मग आता माझे मासे ऐक. तूच मागे सांगितलेले. कॅलिफोर्नियाचा तो ग्रुनियन.

ग्रुनियनबद्दल थोडं विस्ताराने लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. हा जेमतेम वीतभर लांबीचा, चांदीसारखा मासा दक्षिण कॅलिफोर्निया आणि बाहा कॅलिफोर्नियाच्या वाळूवर अंडी घालायला चक्क पाण्याबाहेर येतो. मार्च ते ऑगस्ट, पौर्णिमा आणि अमावास्येनंतरच्या तीन-चार रात्री, भरती पुरती चढून उतरू लागली की लाटांबरोबर हजारो ग्रुनियन किनाऱ्यावर येतात. मादी शेपटीकडून वाळूत शिरते आणि अर्धं अंग रुतवून उभी राहते. नर तिच्याभोवती वेढा घालतो. अंडी ओल्या वाळूत काही सेंटिमीटर खोल राहतात आणि पुढच्या लाटेबरोबर दोघं परत जातात. पंधरा दिवसांनी पुढचं उधाण येतं, लाटा वाळू घुसळतात, आणि त्या घुसळणीनेच अंडी फुटतात. पाणी आलं नाही तर पिल्लू तयार असूनही आत वाट बघत राहतं.

मामा: आता हिशेब बघ. तो उधाणाच्या ऐन दिवशी येत नाही, दोन-तीन दिवसांनी येतो. का? उधाणाच्या दिवशी घातली तर दुसऱ्या दिवशीचं पाणी तेवढंच वर येणार आणि अंडी उकरून नेणार. नंतर घातली तर रोजचं पाणी आधीच्या दिवसापेक्षा खाली राहतं, आणि अंडी पुढच्या उधाणापर्यंत सुखरूप. हा पाण्याचा हिशेब आहे, उजेडाचा नाही. आणि तुझंच हत्यार तुझ्यावर: हा मासा पौर्णिमेलाही येतो, अमावास्येलाही. एक रात्र लख्ख, दुसरी काळीकुट्ट. त्या दोन रात्रींत सारखं काय? पाणी.

भाची: मान्य.

मामा: आणि जपानचाच तो केंड?

भाची: कुसाफुगू म्हणतात त्याला तिकडे. तोही वसंतानंतर, उधाणाच्या दिवसांत, भरती चढत असताना गोट्यांच्या किनाऱ्यावर झुंडीने येतो आणि अंडी घालतो. पौर्णिमा आणि अमावास्या, दोन्हींना.

मामा: आपल्याकडे केंड जाळी फाडतो म्हणून त्याला शिव्या खाव्या लागतात. तो इतका हिशेबी असेल असं वाटलं नव्हतं.

भाची: त्याच्या बाबतीत एक फार सुंदर गोष्ट कळलीय. तिथी महिन्यातला दिवस ठरवते, पण घटका कोण ठरवतं? झुंडीतले हजार मासे एकाच क्षणी थरथरून अंडी आणि चीक कसे सोडतात? नागोयाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की अंडी सोडताना माशाच्या अंगातून प्रोस्टाग्लँडिन ई-२ पाण्यात उतरतं, आणि त्याच्या वासाने शेजारचे मासेही थरथरू लागतात. म्हणजे दिवस ठरला चंद्रावरून आणि क्षण ठरला एकमेकांवरून.

मामा: म्हणजे पाणीच. निरोपही पाण्यातूनच गेला.

भाची: थांबा. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या खाजणांत फुंडुलस नावाचे लहान मासे असतात. तेही उधाणाच्या पाण्यात, दर पंधरा दिवसांनी अंडी घालतात. तुमच्या हिशेबात अगदी बसणारे. ते प्रयोगशाळेत आणले. टाकीत भरती नाही, ओहोटी नाही, चंद्र नाही, रोजचे दिवे ठरल्या वेळी लागणार आणि विझणार. तरी पंधरवड्याचा ताल चालू राहिला.

मामा: बाहेर काहीच नसताना?

भाची: बाहेर काहीच नसताना. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे छापून आलंय. म्हणजे पाणी त्याला दर वेळी येऊन सांगत नाही. त्याच्या अंगात काहीतरी पंधरा दिवस मोजतंय.

मामा: मग तुझं चांदणंही गेलं आणि माझं पाणीही.

भाची: दोन्ही राहतात, काम बदलतं. अंगातली मोजणी बाहेरच्या जगाशी तंतोतंत जुळत नाही, हळूहळू सरकते. ती कुणीतरी परत जागेवर आणायला हवी. कुठल्या माशात ते काम चांदणं करतं, कुठल्यात भरतीचा जोर.

इथे मी मामांपेक्षाही हट्टी आहे. “मासे चंद्राप्रमाणे अंडी घालतात” असं एका वाक्यात सांगून मोकळं होणं मला मान्य नाही. एकाच समुद्रात, शेजारी राहणारे दोन मासे चंद्राच्या दोन वेगळ्या गोष्टी ऐकत असतील, तर त्यांना एकच नियम लावणं चुकीचं ठरेल. मासेच कशाला, भूमध्य समुद्रातल्या प्लॅटिनेरिस नावाच्या एका किड्याने हे आणखी अवघड करून ठेवलं. त्याच्या अंगातलं क्रिप्टोक्रोम ऊन आणि चांदणं वेगळं ओळखतं, दोन्हींत त्याची अवस्था वेगळी होते. व्हिएन्ना आणि माइन्झच्या शास्त्रज्ञांनी हे २०२२ मध्ये दाखवलं. अंधुक उजेड म्हणजे कमी झालेलं ऊन, असं जीव मानत नाही. चांदण्याला त्याच्या लेखी स्वतंत्र अस्तित्व आहे.

मामा: मला तुझ्या बाजूचा आणखी एक दे. जिथे पाण्याला जोरच नाही असा.

भाची: नसाऊ ग्रूपर. आपल्या गोबऱ्याच्या कुळातला, कॅरिबियन समुद्रातला. तिथे भरती-ओहोटीचा फरक अगदी थोडा, अर्धा मीटरसुद्धा धड नाही. तरी हे मासे हिवाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या पौर्णिमांना, लांबून पोहत येऊन ठरल्या जागी हजारोंनी जमतात आणि अंडी घालतात.

मामा: ठरली जागा, ठरली तिथी. मग कोळ्यांनी सोडलं नसेल.

भाची: नाही सोडलं. केमन बेटांतल्या लिटल केमनच्या पश्चिम टोकाशी असा एक मेळा २००१ मध्ये सापडला. सुमारे सात हजार मासे होते. दोन हिवाळ्यांत त्यांतले चार हजारांच्या आसपास पकडले गेले. २००३ मध्ये तिथे बंदी घातली. नंतरच्या पंधरा वर्षांत मासे जवळजवळ तिपटीने वाढले. कॅरिबियनमध्ये असे कितीतरी मेळे कायमचे संपलेत, हा एक परत उभा राहिला.

मामा: जमायची तिथी माशाने बदलली नाही?

भाची: नाही बदलली.

मामा: मग कोळ्यानेच थांबायला हवं. बरं, तुझे शास्त्रज्ञ सांगतात तेव्हाच हे कळलं का? कोळ्यांना आधी माहीत नव्हतं?

भाची: माहीत होतं, आणि शास्त्रज्ञांपेक्षा जास्त. प्रशांत महासागरात पलाऊ नावाची बेटं आहेत. रॉबर्ट जोहान्स नावाच्या सागरी जीवशास्त्रज्ञाने तिथल्या कोळ्यांबरोबर राहून, त्यांना विचारून एक पुस्तक लिहिलं, १९८१ मध्ये आलं ते. कुठला मासा कुठल्या महिन्यात, चंद्राच्या कुठल्या दिवशी, कुठल्या जागी अंडी घालायला जमतो, हे त्या कोळ्यांनी सांगितलं. जगभरच्या शास्त्राला तोवर चंद्राप्रमाणे अंडी घालणारे जेवढे मासे ठाऊक होते, त्याच्या दुपटीहून जास्त मासे त्या एका बेटसमूहातल्या कोळ्यांना ठाऊक होते.

मामा: आणि कारण काय सांगत होता तो?

भाची: तुमच्याच बाजूचं. प्रवाळाजवळ अंडी खाणारी तोंडं फार. उधाणाच्या ओहोटीला अंडी सोडली की पाणी ती ओढून खोल समुद्रात नेतं, शत्रूंपासून लांब. हे त्याने १९७८ मध्ये मांडलं.

मामा: बघ!

भाची: बघते. पण शुक्ल अष्टमीचा रॅबिटफिश त्यात बसत नाही, आणि जपानी वामही नाही. ती नदीतून समुद्रात जाऊन मारियाना बेटांच्या पश्चिमेला, भर महासागरात अंडी घालते. कात्सुमी त्सुकामोतो यांच्या पथकाने मे २००९ मध्ये तिथून तिची अंडी पकडून आणली. ती अमावास्येच्या आधी दोन-चार दिवस घातली जातात. तिथे किनारा नाही, वाळू नाही, तुमचं उधाण नाही.

मामा: चांदणंही नाही. अमावास्या आहे.

भाची: काळोख आहे, मामा. चांदण्याचं नसणं हीसुद्धा खूण होऊ शकते.

मामा: आणि अंड्यातून निघालेल्या पिल्लांचं काय? त्यांना उजेडाचा फायदा की तोटा? आई-बापांनी तिथी साधली, पण पिल्लू मोठं व्हायला हवं ना.

भाची: याचं उत्तर माशाच्या कानात सापडलं. माशाच्या कानात एक खडा असतो, त्यावर रोज एक वळं चढतं. वळ्यांची रुंदी मोजली की कुठल्या दिवशी पिल्लू किती वाढलं ते कळतं. न्यूझीलंडचे जेफ्री शिमा आणि ऑस्ट्रेलियाचे स्टीफन स्विअरर यांनी मोओरेआ बेटाजवळच्या एका रास माशाच्या पिल्लांचे खडे असे वाचले. रात्रीचा पहिला भाग काळोखाचा आणि नंतर चंद्र वर, अशा रात्रींना पिल्लं जास्त वाढतात. त्यांचं म्हणणं असं की काळोख पडला की पिल्लांचं खाद्य खोलातून वर येतं, आणि मग चांदणं पडलं की पिल्लांना खाणारे मासे खालीच राहतात. खायलाही मिळतं आणि जीवही वाचतो.

मामा: वद्य अष्टमीची रात्र.

भाची: तीच.

मामा बराच वेळ या रात्रीवर विचार करतात, असं मी धरून चाललो आहे, कारण यानंतरचा मुद्दा माझा आहे आणि तो मला त्यांच्या तोंडून यायला हवा. आपण किनाऱ्यावर आणि समुद्रात रात्रीचा उजेड वाढवत चाललो आहोत. भरती-ओहोटीला मात्र आपण हात लावू शकत नाही. म्हणजे चंद्राचे दोन निरोप, जे लाखो वर्षं एकत्र आले, त्यांतला एकच आपण खोटा करतो आहोत. पाणी अमावास्या सांगतं आणि दिवा म्हणतो पौर्णिमा.

मामा: एलईडीच्या बोटी कधी बाहेर पडतात ठाऊक आहे? काळोखीत. चांदण्यात दिवा फिका पडतो, मासा दिव्याकडे धावत नाही. म्हणून अमावास्येच्या आसपासच्या रात्री धरतात. ज्या रात्री समुद्र काळा असायला हवा नेमक्या त्याच रात्री हे लोक क्षितिजावर गाव वसवल्यासारखा उजेड करतात. केंद्राने २०१७ च्या नोव्हेंबरात बंदी घातली, राज्यातही कायदा कडक झाला, तरी दिवे दिसतात. आम्ही रापणवाले ओरडतो ते आमचा मासा जातो म्हणून. तू सांगतेस ते खरं असेल तर तिथीही जाते.

भाची: दिव्याने अंड्यांचं काय होतं याचे पुरावे आहेत. क्लाउनफिशची अंडी तिन्हीसांजेनंतर काळोख पडला की फुटतात. २०१९ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात त्यांच्यावर रात्रभर कृत्रिम उजेड ठेवला. एकही अंडं फुटलं नाही. प्रवाळही पौर्णिमेनंतर ठरल्या रात्री अंडी सोडतं. तैवानच्या एका प्रवाळावर २०२१ मध्ये दाखवलं गेलं की त्याची खूण म्हणजे सूर्य मावळल्यापासून चंद्र उगवेपर्यंतचा काळोखाचा तुकडा. पौर्णिमेनंतर तो तुकडा रोज वाढतो. आणि ज्या किनाऱ्यांवर रात्री दिवे आहेत तिथलं प्रवाळ एक ते तीन दिवस आधीच अंडी सोडतं, हे २०२३ मध्ये समोर आलं. शेजारच्या काळोख्या किनाऱ्यावरच्या प्रवाळाशी त्याची गाठच पडत नाही.

मामा: ते प्रवाळ झालं, आणि काचेसारखं पाणी झालं. आपल्या माशांवर हे सिद्ध होत नाही. आपले मासे पाण्याचं ऐकत असतील तर दिव्याने त्यांची तिथी हलणार नाही. दिवा त्यांना फक्त जाळ्यात नेईल. ते वाईटच आहे, पण ते वेगळं वाईट आहे. दोन्हींत गल्लत केलीस तर उद्या कुणी विचारेल तेव्हा तुझ्याकडे उत्तर नसेल.

भाची: म्हणून तोलायला हवं. इथेच. तांबोशी आणि गोबरा घेऊ. बाजारात येणाऱ्या प्रत्येक माशाचं वजन, गाबोळीचं वजन आणि तिथी. महिन्यातून एकदा गाबोळी भरते की दोनदा, एवढं जरी कळलं तरी अर्धं उत्तर हातात येईल.

मामा: बंदीच्या दोन महिन्यांत बाजारात मासा कमी. पण बिनयांत्रिक होड्यांना बंदी नाही, आणि गरीचा मासा येत राहतो. खाडीच्या तोंडाशी गरी टाकणारे मला ओळखतात. गाबोळी काढून द्यायला सांगेन, मासा त्यांचा त्यांना परत. पण मासा कुठल्या वेळी लागला तेही लिही. नुसती तिथी पुरणार नाही. भरतीला की ओहोटीला, पाणी गढूळ की निवळ, आभाळ भरलेलं की मोकळं.

भाची: वहीत सगळ्यांचे रकाने पाडते.

मामा: हंगाम सुरू झाला की आणखी एक रकाना पाड. त्या रात्री समोर दिव्याच्या बोटी होत्या की नाही, आणि किती वाजेपर्यंत. तो मी भरीन.